तुमचे प्रश्न : पाटी काढून घेतलेले डॉक्टर

गेल्या अंकात एका उत्तरात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो, की हिटलरच्या आईवर शेवटपर्यंत उपचार करणारा फॅमिली डॉक्टर ज्यू होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आल्या की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे कापलेत, त्याबद्दल राग नसावा.

प्रश्न : ती हिटलरच्या आईची गोष्ट खरी आहे का हो? व्हॉट्सअॅपवर असलं काहीही फिरत असतं म्हणून विचारते.

खरी आहे. डॉक्टरांचं नाव एदुआर्ड ब्लॉख, जन्म १८७२ चा, बोहेमियातला, आधी सैन्यात डॉक्टर होते आणि १९०१ पासून ऑस्ट्रियातल्या लिंझ गावात त्यांचा दवाखाना. गरिबांचा डॉक्टर म्हणूनच ओळख, रात्री-अपरात्री व्हिजिटला जाणारे, फीसाठी अडून न बसणारे. १९०७ च्या जानेवारीत क्लारा हिटलर छातीत दुखतंय म्हणून त्यांच्याकडे आल्या, तपासल्यावर स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं पण आजार पुढे गेलेला होता. मग आयोडोफॉर्म लावलेल्या पट्ट्या जखमेवर ठेवायचा त्या काळचा जो काही उपचार होता तो सुरू झाला, प्रचंड वेदना देणारा, आणि ब्लॉख शेवटचे कित्येक आठवडे जवळजवळ रोज त्यांच्या घरी जात होते. २१ डिसेंबर १९०७ ला त्या गेल्या. तेव्हा हिटलर अठरा वर्षांचा. नंतर त्याने डॉक्टरांना आभाराची पोस्टकार्डं पाठवली, त्यातलं एक तर स्वतः रंगवलेलं.

आता पुढचं ऐका. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, येऊन ती पोस्टकार्डं जप्त केली, पण ब्लॉख यांना हात लावला नाही, वरूनच तसा हुकूम होता. शहरातल्या इतर ज्यूंना घरं सोडावी लागली, यांचं घर राहिलं. दवाखाना मात्र त्याच वर्षी बंद झाला, त्यातून सूट नाही! १९४० च्या अखेरीस ते अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहिले, आणि तिथे त्यांची ऑस्ट्रियातली डिग्री चालत नव्हती म्हणून आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या माणसाला एकही पेशंट तपासता आला नाही. १९४५ च्या जूनमध्ये, म्हणजे हिटलरनंतर जेमतेम महिन्याभराने, ते तिथेच वारले.

आईचा डॉक्टर ज्यू होता, त्याच्या उपचारांमुळे ती गेली असं वाटून हिटलर ज्यूद्वेष्टा झाला, अशी एक थिअरी अधूनमधून कुणीतरी मांडतं. मला ती पटत नाही, कारण ज्याच्यावर असा राग असेल त्याला कोणी खास संरक्षण देतं का? लोकांना मोठ्या पापाचं एक छोटंसं घरगुती कारण सापडलं की बरं वाटतं, एवढंच.

प्रश्न : जर्मनीत ज्यू एक टक्काही नव्हते असं वाचलं. मग एवढे डॉक्टर त्यांच्यातच कसे?

आकडे तर असेच आहेत. १९३३ साली ज्यू साधारण सव्वापाच लाख, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी, आणि नाझींच्या व्याख्येत बसणारे ज्यू डॉक्टर आठ-नऊ हजार, म्हणजे देशातल्या दर सहा-सात डॉक्टरांमागे एक. बर्लिनमध्ये तर प्रमाण कितीतरी जास्त.

कारण सरळ आहे, बाकीची दारं बंद किंवा अर्धवट उघडी होती. सैन्यात अधिकारी व्हायचं तर अवघड, वरच्या सरकारी जागा अवघड, विद्यापीठात प्रोफेसर व्हायचं तर बाप्तिस्मा घेतला तर बरं असा अलिखित नियम, मग उरलं काय, तर स्वतःच्या जिवावर करता येईल असा धंदा, म्हणजे वकिली किंवा डॉक्टरकी. मोठ्या हॉस्पिटलात वरची जागा मिळत नव्हती म्हणून गल्लीत दवाखाना टाकला. त्यात बिस्मार्कने १८८३ मध्येच कामगारांसाठी आजारपणाचा विमा सुरू करून ठेवलेला, त्यामुळे विम्याच्या पॅनेलवर नाव लागलं की गिरणी कामगार, कारकून, त्यांच्या बायका, पोरं असे ठरलेले पेशंट येत राहायचे आणि पैसे विमा संस्थेकडून मिळायचे. हा विमा नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिथूनच तुटलं.

दवाखाना बहुतेक वेळा राहत्या फ्लॅटमध्येच. पुढच्या खोल्यांत वेटिंग रूम आणि तपासणी, मागे संसार. खाली दारावर पाटी, नाव आणि वेळा. बायको फोन घेणार, कामवाली दार उघडणार, डॉक्टर सकाळी दवाखाना आणि दुपारी व्हिजिटा. एकाच घरात आजोबांचा दमा, सुनेचं बाळंतपण, पोराचा घटसर्प, सगळं त्याच एका माणसाने पाहिलेलं. पहिल्या महायुद्धात लाखभर ज्यू जर्मन सैन्यातून लढले, बारा हजार मेले, आणि यातले कितीतरी डॉक्टर आघाडीवर राहून आयर्न क्रॉस हे शौर्यपदक घेऊन परत आलेले. त्यांना कोणी सांगितलं असतं की वीस वर्षांनी तुम्ही इथले नाही ठरणार आहात, तर त्यांनी सांगणाऱ्याचीच नाडी बघितली असती.

प्रश्न : मग एका रात्रीत सगळं बंद झालं का? आणि पेशंट लोक काहीच बोलले नाहीत? आपला वर्षानुवर्षांचा डॉक्टर असा हाकलला तर आपण गप्प बसू का?

एका रात्रीत नाही, साडेपाच वर्षं लागली, आणि मला वाटतं म्हणूनच ते जमलं.

१ एप्रिल १९३३ ला बहिष्काराचा दिवस झाला, दुकानांसारखीच डॉक्टरांच्या दारातही तपकिरी शर्टवाली नाझी पोरं उभी, आत जाऊ नका म्हणून. तो दिवस संपला, लोकांना वाटलं संपलं. २२ एप्रिलला हुकूम निघाला की ज्यू डॉक्टर विम्याच्या पॅनेलवरून बाद. जे आघाडीवर लढलेत किंवा १९१४ च्या आधीपासून प्रॅक्टिस करतायत त्यांना तेवढी सूट, कारण म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी लढलेल्या ज्यूंसाठी तसा आग्रह धरला होता. आता गंमत बघा (गंमत कसली, पण असो), सूट मिळालेल्यांना वाटलं आपण वाचलो, नियम आहे, नियमात आपण बसतो. १९३५ मध्ये ज्यूंचे हक्क काढून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे आले, त्यात ज्यू घरात पंचेचाळीस वर्षांखालची जर्मन बाई कामाला ठेवायची नाही असंही कलम होतं, म्हणजे दार उघडणारी कामवालीही गेली. १९३६ मध्ये सरकारी नोकरांना ज्यू डॉक्टरकडे जायची बंदी. आणि शेवटी २५ जुलै १९३८ चा हुकूम, ३० सप्टेंबरपासून सगळ्या ज्यू डॉक्टरांची लायसन्स रद्द. तोपर्यंत उरलेल्या ३,१५२ पैकी फक्त ७०९ जणांना परवानगी मिळाली, तीही फक्त ज्यूंना तपासण्याची, आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचं नाही, रोग्यांवर उपचार करणारा एवढंच म्हणायचं. पाटी निळी, त्यावर पिवळा गोल आणि गोलात निळा तारा.

पेशंटचं म्हणाल तर सगळ्या प्रकारचे होते. काही अंधार पडल्यावर मागच्या दाराने येत राहिले. काहींनी रस्त्यात ओळख दाखवणं सोडलं. पण बहुसंख्य लोक ना असे ना तसे, विमा पैसे देत नाही म्हटल्यावर ते कोपऱ्यावरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. द्वेष करायचीसुद्धा गरज पडली नाही, नुसतं बिल पास होत नाही एवढं पुरलं.

आणि व्यवसायबंधू? इथे जरा कडक बोलतो. जर्मनीतले साधारण पंचेचाळीस टक्के डॉक्टर नाझी पक्षाचे सभासद झाले, इतर शिकलेल्या व्यवसायांपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. मंदीत नवे डॉक्टर जागा नाहीत म्हणून हातावर हात धरून बसलेले, समोर एकदम हजारो चालू दवाखाने, हॉस्पिटलातल्या खुर्च्या, पॅनेलवरच्या जागा रिकाम्या होत होत्या. विचारसरणी वगैरे असेलच, पण मला तरी रिकामी होणारी खुर्ची हे जास्त मोठं कारण वाटतं. वेगळं वागता येत होतं का, तर हॉलंड बघा. तिथे नाझींनी डॉक्टरांची सक्तीची संघटना काढली तेव्हा १९४३ च्या मार्चमध्ये हजारो डच डॉक्टरांनी आपल्या पाट्यांवरची डॉक्टर ही अक्षरं चक्क झाकून टाकली, की घ्या, आम्ही डॉक्टरच नाही, मग सभासद कसले! शेकडोंना अटक झाली. अर्थात त्याच हॉलंडमध्ये १९४१ च्या मेपासून ज्यू डॉक्टरांना ज्यू सोडून कोणालाही तपासायची बंदी होती, तेव्हा फार गौरवही नको करायला.

प्रश्न : सगळीकडे पुरुष डॉक्टरांचीच उदाहरणं असतात. बायका नव्हत्या का?

होत्या, चांगल्या शेकड्यांनी होत्या. एकीचीच गोष्ट सांगतो, लिली यान.

कोलोनची मुलगी, १९०० चा जन्म, डॉक्टर झाली, एर्न्स्ट यान नावाच्या ख्रिश्चन डॉक्टरशी लग्न केलं आणि कासेलजवळच्या इमेनहाउझेन या छोट्या गावात दोघांनी मिळून प्रॅक्टिस सुरू केली. १९३३ मध्ये हिची बंद झाली, नवऱ्याची चालू राहिली. ती घर आणि पाच मुलं बघत बसली. जोवर ख्रिश्चन नवरा होता तोवर कायद्याने थोडंफार संरक्षण होतं. १९४२ मध्ये नवऱ्याने घटस्फोट घेतला, त्याचं दुसऱ्या एका डॉक्टर बाईशी जुळलं होतं. याचा अर्थ काय होतो हे त्याला कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही, पण काहीजण त्याला थोडी सवलत देतात, ते जाऊ दे. १९४३ च्या उन्हाळ्यात गावच्या महापौराने तिला मुलांसकट गावातून काढलं, ती कासेलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आली आणि तिथे दाराच्या बेलजवळ तिने नावाचं कार्ड लावलं, डॉक्टर लिली यान.

बस, एवढाच गुन्हा. एक तर डॉक्टर लिहिलं, जे लिहायचा हक्क १९३८ मध्ये काढून घेतलेला, आणि दुसरं म्हणजे नावात सारा लिहिलं नाही. १९३९ पासून प्रत्येक ज्यू बाईने नावात सारा आणि पुरुषाने इस्राएल जोडायची सक्ती होती. कोणीतरी तक्रार केली, ऑगस्टच्या शेवटी अटक, मग ब्राइटेनाउच्या छळछावणीवजा तुरुंगात. घरी चौदा वर्षांची इल्झे धाकट्या बहिणींना सांभाळतेय, मोठा मुलगा गेर्हार्ड विमानविरोधी तोफांवर ड्युटीला, म्हणजे आई तुरुंगात आणि पोरगा त्याच राजवटीसाठी तोफ चालवतोय. ऑक्टोबरमध्ये कासेलवर बॉम्ब पडले, तो फ्लॅटही गेला. मुलं आईला पत्रं लिहीत राहिली, शाळेचं, जेवणाचं, कोण आजारी आहे त्याचं, आणि आई तिकडून जमेल तसं उत्तर देत राहिली, खोकल्याला काय द्यायचं हेसुद्धा. मार्च १९४४ मध्ये तिला आउशवित्झला पाठवलं, जूनमध्ये ती गेली. तो गेर्हार्ड पुढे पश्चिम जर्मनीचा कायदामंत्री झाला, १९६९ ते १९७४. आईची आणि भावंडांची ती पत्रं त्याने जपून ठेवली होती, पण त्याबद्दल तो कोणाशी बोलला नाही, १९९८ मध्ये तो वारल्यावर ती घरच्यांना सापडली.

प्रश्न : घेट्टोमध्ये औषधंच नव्हती, मग हे डॉक्टर तिथे करत काय होते?

वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापाची साथ होती. केस कळवली तर अख्ख्या इमारतीला क्वारंटाइन आणि निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली उच्छाद, त्यामुळे लोक आजार लपवायचे आणि डॉक्टर घरीच गुपचूप तपासायचे. साथीचा रोग कळवायचाच असं शिकलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल! लिथुआनियातल्या कोव्हनोमध्ये तर ४ ऑक्टोबर १९४१ ला साथरोगाचं हॉस्पिटल आतल्या पेशंट आणि स्टाफसकट जाळून टाकलं, त्यानंतर तिथे टायफस लपवणं हाच उपचाराचा पहिला भाग झाला.

आणि वॉर्सातच इस्राएल मिलेयकोव्स्की यांच्या पुढाकाराने अठ्ठावीस डॉक्टरांनी १९४२ मध्ये उपासमारीचाच अभ्यास केला. भूक शरीरात नेमकं काय करते, रक्त, हृदय, डोळे, त्वचा, सगळ्याच्या नोंदी, करणारे स्वतः उपाशी. जुलैमध्ये ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे माणसं नेणाऱ्या गाड्या सुरू झाल्या आणि काम थांबलं. कागद बाहेर एका पोलिश प्राध्यापकाकडे पोचवले गेले आणि १९४६ मध्ये छापले. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर हयात नव्हते.

प्रश्न : मी स्वतः चाळीस वर्षं फॅमिली डॉक्टर होतो. मला हे कळत नाही की डॉक्टर तर सगळ्या जगाला हवे असतात, मग हे लोक वेळेवर दुसरीकडे जाऊन का नाही बसले?

डॉक्टरसाहेब, जगाला डॉक्टर हवे असतात पण तिथल्या डॉक्टरांना नको असतात! ब्रिटनमध्ये १९३८ मध्ये ऑस्ट्रियाच्या डॉक्टरांसाठी जागा ठरवल्या पन्नास, आणि त्यांनीही पुन्हा दोन वर्षं शिकायचं. तिथल्या वैद्यकीय संघटनेचा विरोध होता, ते आपल्या पोटावर येतील म्हणून. युद्धात तिथले डॉक्टर सैन्यात गेले आणि माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९४१ मध्ये टेंपररी रजिस्ट्रेशन दिलं, त्याच्या आधी १९४० मध्ये यातल्याच कितीतरी जणांना शत्रूराष्ट्राचे म्हणून आइल ऑफ मॅनवर डांबून झालं होतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, बऱ्याच राज्यांत आधी नागरिकत्व लागायचं. न्यूयॉर्कमध्ये परीक्षा देऊन लायसन्स मिळत होतं म्हणून तिथे गर्दी. पन्नाशीचा माणूस इंग्रजी शिकतोय, पुन्हा शरीरशास्त्राची पुस्तकं घोकतोय, बायको दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतेय. पॅलेस्टाइनमध्ये इतके डॉक्टर जाऊन पोचले की ब्रिटिशांनी १९३५ नंतर लायसन्सवर बंधनं घातली, आणि मग बर्लिनचा डॉक्टर कोंबड्या पाळायला लागला.

निघायचं तर पैशाचंही होतंच. मालमत्तेवर पंचवीस टक्के पलायन कर, बाकीचा पैसा अडकवलेल्या खात्यात, आणि खिशात न्यायला दहा मार्क.

बऱ्याच जणांनी मुंबईबद्दल विचारलंय. हो, आले होते, मुंबईत १९३४ पासून ज्यूंना मदत करणारी जुईश रिलीफ असोसिएशन होती, ती हमी द्यायची. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्याबरोबर पासपोर्ट जर्मन म्हणून यांनाही अटक आणि रवानगी अहमदनगरच्या छावणीत, तिथे शेजारच्या खाटेवर पक्का नाझी जर्मन व्यापारी! चौकशी समिती बसली, महिन्यांनी बरेच सुटले, पण काहींना नंतर पुरंदर आणि साताऱ्यात नजरेखाली राहावं लागलं. पुरंदरला ट्रेकला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे.

प्रश्न : युद्धानंतर परत जाऊन दवाखाना पुन्हा सुरू केला असं कोणी केलं का? भरपाई मिळाली का?

परत गेलेले अगदी थोडे. जाणार कुठे, दवाखान्यात दुसरा डॉक्टर बसलेला, आणि वेटिंग रूममध्ये तेच लोक, ज्यांच्यातल्या कोणी काय केलं होतं हे विचारायची सोय नाही. बर्लिनचं ज्यू हॉस्पिटल तेवढं आश्चर्यकारकरीत्या युद्धभर चालू राहिलं, रशियन सैनिक आत शिरले तेव्हा तिथे आठेकशे माणसं जिवंत होती.

भरपाईचा कायदा पश्चिम जर्मनीत १९५० च्या दशकात झाला. व्यवसाय बुडाला त्यासाठी एकरकमी जास्तीत जास्त ४०,००० मार्क, किंवा त्याऐवजी पेन्शन. त्यासाठी फॉर्म, उत्पन्नाचे पुरावे, पॅनेलवर होतात त्याचा दाखला, आणि हे कुणाकडून मागायचं, तर दहा मार्क घेऊन पळालेल्या माणसाकडून. तब्येतीच्या नुकसानाचं तर याहून वाईट. पेन्शन हवी तर कमावण्याची क्षमता किमान पंचवीस टक्के कमी झालीय हे वैद्यकीय तपासणीत सिद्ध करा, तपासणारे डॉक्टर जर्मन सरकारने नेमलेले, आणि झोप न येणं, भीती, छावणीची स्वप्नं असल्या तक्रारींवर कितीतरी अर्जांत शेरा पडला की हा यांच्या मूळ स्वभावाचाच भाग आहे, छळाशी संबंध नाही. याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं भांडून रिपोर्ट लिहिले त्यांत विल्यम नीडरलँड होते, ते स्वतःच जर्मनीतून पळालेले ज्यू डॉक्टर, वाचलेल्यांच्या या दुखण्याला वैद्यकीय नाव मिळालं ते त्यांच्यामुळे.

प्रश्न : जर्मन डॉक्टरांच्या संघटनेने कधी माफी मागितली का?

मागितली, मे २०१२ मध्ये, न्यूरेंबर्गच्या अधिवेशनात ठराव करून. त्याच्या आधीचा इतिहास बघितला तर उशीर का झाला ते कळतं. हान्स योआखिम झेवेरिंग हे जर्मन डॉक्टरांचे मोठे पुढारी, तरुणपणी एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचे आणि नाझी पक्षाचे सभासद, १९९२ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेच्या अध्यक्षपदी निवडून आले होते. बाहेरच्या डॉक्टरांनी आरडाओरडा केला म्हणून १९९३ च्या जानेवारीत त्यांना माघार घ्यावी लागली. आणि २००८ मध्ये, म्हणजे माफीच्या चारच वर्षं आधी, जर्मन फिजिशियनांच्या संघटनेने त्यांना आपलं सर्वोच्च पदक दिलं.